नार्कॅन ४ मिलीग्रॅम नाकात मारायचा फवारा : उपयोग, मर्यादा आणि बदलती साथ

नार्कॅन या नावाने विकला जाणारा नॅलोक्सोनचा फवारा हे असे उत्पादन आहे, की ते विकत घेणाऱ्याला स्वतःवर जवळजवळ कधीच वापरता येत नाही. ओपिऑइडची, म्हणजे अफूजन्य किंवा तत्सम कृत्रिम द्रव्याची, मात्रा जास्त झालेला माणूस बेशुद्ध असतो, त्याचा श्वास मंदावलेला किंवा थांबलेला असतो, आणि त्या क्षणी पाकीट उघडणारा हात दुसऱ्याच कोणाचा तरी असावा लागतो. त्यामुळे या फवाऱ्याचे परीक्षण करताना फक्त औषधाचा गुण पाहून भागत नाही. माणसे कुठे, कोणासोबत आणि नेमके काय घेऊन मरत आहेत, आणि गेल्या काही वर्षांत हे सगळे कसे बदलत गेले आहे, हेही पाहावे लागते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि हा विषय आपल्या घरापासून दूरचा आहे असे मानणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मी हे मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

प्रथम प्रत्यक्ष वस्तूविषयी. खोक्यात दोन स्वतंत्र पाकिटे असतात आणि प्रत्येक पाकिटात एकदाच वापरता येणारा, ०.१ मिलिलिटर द्रावणात ४ मिलीग्रॅम नॅलोक्सोन असलेला एकेक फवारा असतो. पाकीट सोलून उघडायचे, अंगठा दट्ट्याच्या तळाशी आणि दोन बोटे टोकाच्या दोन्ही बाजूंना ठेवायची, माणसाला उताणे करून मानेखाली हात देऊन डोके मागे झुकवायचे, बोटे नाकाला टेकेपर्यंत टोक एका नाकपुडीत सरकवायचे आणि दट्ट्या पूर्ण दाबायचा, एवढीच कृती आहे. सुई नाही, औषध भरून घेणे नाही, मात्रा मोजणे नाही. औषध नाकाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते, म्हणून त्या माणसाने श्वास आत ओढण्याची गरज नसते. ज्याचा श्वासच थांबला आहे त्याच्यासाठी बनवलेल्या औषधात ही सोय सर्वांत महत्त्वाची आहे.

मी हा फवारा प्रथम हातात घेतला तो एका सार्वजनिक वाचनालयात झालेल्या तासाभराच्या प्रशिक्षणात. तिथे सरावासाठी रिकामी उपकरणे दिली होती आणि आमच्यातल्या अनेकांनी एकच चूक केली. सर्दीच्या फवाऱ्याची सवय असल्यामुळे त्यांनी नाकात घालण्यापूर्वी एकदा हवेत दाबून पाहिले. खऱ्या उपकरणात असे केले तर संपूर्ण मात्रा हवेत जाते आणि हातात रिकामे प्लास्टिक उरते. उपकरणाच्या रचनेत मला दिसलेला हा एकमेव खरा धोका आहे आणि तो टाळण्यासाठी घरातल्या प्रत्येकाला एवढे एक वाक्य सांगून ठेवावे, की हा फवारा आधी तपासून पाहायचा नसतो.

औषध कसे काम करते हे समजले, की ते वापरण्याची भीती बरीच कमी होते. ओपिऑइडे मेंदूतील ज्या ग्राहींना (रिसेप्टरांना) चिकटून वेदना कमी करतात, त्यांच्याच मार्गाने ती श्वासाचे नियंत्रणही मंद करतात. नॅलोक्सोन त्या ग्राहींना अधिक घट्ट चिकटते, आधीच्या द्रव्याला तिथून हुसकावते आणि श्वास पुन्हा चालू होतो. हे औषध नवे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या इंजेक्शनला १९७१ मध्येच मान्यता दिली होती. नाकात मारायच्या या फवाऱ्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि २९ मार्च २०२३ रोजी तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची परवानगी देण्यात आली. ज्याच्या शरीरात ओपिऑइड नाहीच त्याला हे औषध दिले तरी त्याचा काही परिणाम होत नाही. म्हणून समोरचा माणूस हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही जागा होत नसेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, ओठ व नखे निळसर किंवा सावळ्या त्वचेवर राखाडी दिसत असतील आणि घशातून घोरल्यासारखा, गुळण्या केल्यासारखा आवाज येत असेल, तर निदानाची खात्री होण्याची वाट न पाहता फवारा मारावा आणि आपत्कालीन मदतीसाठी ९११ ला फोन करावा. पुष्कळ घरांत त्या आवाजाला गाढ झोपेतले घोरणे समजून दार ओढून घेतले गेले आहे.

एका मात्रेनंतर दोन ते तीन मिनिटे थांबून, श्वास नीट चालू झाला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत मारायचा असतो. या दोन-तीन मिनिटांत तोंडाने कृत्रिम श्वास देणे किती मोलाचे आहे, हे मला प्रशिक्षणातच कळले. औषधाचा परिणाम होईपर्यंत मेंदूला प्राणवायू मिळत राहणे हेच खरे काम असते आणि ते नुसते खोके वाचून येत नाही. शिवाय नॅलोक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो. शरीरात गेलेले द्रव्य त्याहून अधिक काळ टिकणारे असेल, तर उठून बसलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. म्हणून शुद्धीवर आल्यावर त्याला कुशीवर झोपवून, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळून हलायचे नसते.

आता या फवाऱ्याची गरज का पडली आणि ती कशी बदलत गेली, याकडे वळतो. अमेरिकेत ओपिऑइडच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंच्या साथीच्या लाटा सामान्यतः तीन मानल्या जातात. पहिली १९९० च्या दशकात सुरू झाली. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे ओपिऑइड वेदनाशामक बाजारात आले, दीर्घकालीन दुखण्यासाठी ओपिऑइड वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या सढळ हाताने लिहिल्या जाऊ लागल्या आणि २०१२ मध्ये अशा चिठ्ठ्यांची संख्या वर्षाला सुमारे साडेपंचवीस कोटींच्या शिखरावर पोहोचली. दुसरी लाट २०१० च्या सुमारास हेरॉइनची आली. त्याच वर्षी ऑक्सिकॉन्टिनची गोळी सहज चुरडता येऊ नये अशी नव्याने बनवली गेली होती आणि आधीच व्यसनात अडकलेल्या अनेकांना गोळ्यांपेक्षा हेरॉइन स्वस्त व सुलभ वाटू लागले. तिसरी लाट २०१३ पासून बेकायदा बनवलेल्या फेंटानिलची. हेरॉइनच्या सुमारे ५० पट आणि मॉर्फिनच्या सुमारे १०० पट तीव्र असलेल्या या द्रव्याने सगळे हिशेब बदलून टाकले. १९९९ मध्ये सर्व प्रकारच्या मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने देशात १६,८४९ मृत्यू झाले होते. २०२२ मध्ये हा आकडा १,०७,९४१ झाला आणि त्यांपैकी ७० हजारांहून अधिक मृत्यूंमध्ये फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडांचा सहभाग होता.

फवाऱ्याच्या दृष्टीने या तिसऱ्या लाटेचा अर्थ असा, की वेळ फार कमी झाला. हेरॉइनच्या काळात श्वास हळूहळू मंदावत जाई आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला शंका येण्याइतका अवधी पुष्कळदा मिळत असे. फेंटानिलने तो अवधी काही मिनिटांवर आणला. औषध रुग्णवाहिकेत असून पुरेसे नाही, ते घरात, खिशात, पिशवीत असले पाहिजे, हा आग्रह त्यातूनच आला. समाजात नॅलोक्सोन वाटण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. शिकागोतील स्वयंसेवकांनी १९९६ पासूनच व्यसनी माणसांच्या हातात हे औषध देण्यास सुरुवात केली होती, आणि मॅसॅच्युसेट्समधील शहरा-गावांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की जिथे प्रशिक्षण व नॅलोक्सोनवाटप अधिक प्रमाणात झाले तिथे अशा मृत्यूंचा दर हे काम न झालेल्या ठिकाणांच्या तुलनेत ४६ टक्क्यांनी कमी होता. ज्यांना समाज बेजबाबदार ठरवून मोकळा होतो, त्यांनीच आपल्या सोबत्यांचे प्राण वाचवले, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आदराची वाटते.

साथीचा चेहरा त्यानंतरही बदलत राहिला आहे. २०२० च्या पहिल्या सहामाहीपासून २०२२ च्या दुसऱ्या सहामाहीपर्यंतच्या मृत्यूंची पाहणी केली असता, टोचून घेतल्याचा पुरावा असलेल्या मृत्यूंचे प्रमाण २२.७ टक्क्यांवरून १६.१ टक्क्यांवर उतरले आणि धूर ओढल्याचा पुरावा असलेल्यांचे १३.३ वरून २३.१ टक्क्यांवर चढले. म्हणजे खोलीत सुई सापडली नाही म्हणून ओपिऑइडची शंका सोडून देणे आता चुकीचे ठरते. बनावट गोळ्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. निळ्या, एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला ३० छापलेल्या, ऑक्सिकोडोन या ओपिऑइड वेदनाशामकासारख्या दिसणाऱ्या गोळ्यांत प्रत्यक्षात फेंटानिल असते. जप्त केलेल्या बनावट गोळ्यांपैकी २०२३ मध्ये दहातील सातांत आणि २०२४ मध्ये दहातील पाचांत जीवघेणी ठरू शकेल इतकी मात्रा आढळल्याचे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी प्रशासनाने सांगितले आहे. परीक्षेच्या काळात मित्राकडून एक गोळी घेणारा विद्यार्थी स्वतःला व्यसनी समजत नाही, त्याचे आईवडीलही समजत नाहीत, आणि म्हणूनच त्या घरात हा फवारा नसतो.

एक गैरसमज इथेच दूर करणे आवश्यक आहे. फेंटानिल घेतलेल्या माणसाला नुसता स्पर्श केल्याने आपल्यालाही विषबाधा होईल, या भीतीने माणसे मागे हटतात. त्वचेला चुकून झालेल्या स्पर्शाने अशी बाधा होणे अत्यंत असंभाव्य आहे, असे विषविज्ञानातील डॉक्टरांच्या संघटनांनी २०१७ मध्येच स्पष्ट केले आहे. त्या माणसाजवळ बसायला, त्याचे डोके धरायला हरकत नाही.

आता मर्यादांविषयी. नॅलोक्सोन फक्त ओपिऑइडवर चालते. जनावरांना भूल देण्यासाठी वापरले जाणारे झायलाझिन फेंटानिलमध्ये मिसळले जाऊ लागले आणि एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने या मिश्रणाला उदयोन्मुख धोका म्हणून जाहीर केले. झायलाझिनची गुंगी या फवाऱ्याने उतरत नाही. त्यामुळे पुष्कळदा असे घडते, की श्वास सुरू होतो, ओठांचा रंग परत येतो, पण माणूस डोळे उघडत नाही, आणि घाबरलेले नातेवाईक तिसरा, चौथा फवारा मारत सुटतात. तो जागा झाला का, हे पाहण्यापेक्षा तो श्वास घेतो आहे का, हे पाहावे. श्वास नीट चालू असेल तर आणखी फवाऱ्यांची गरज नसते. हा फरक पत्रकावर ठळक अक्षरांत असायला हवा असे मला मनापासून वाटते.

अधिक तीव्र मात्रेचा फवारा घ्यावा का, हा प्रश्न याच भीतीतून निर्माण होतो. ८ मिलीग्रॅमचा फवारा २०२१ पासून उपलब्ध आहे. न्यूयॉर्क राज्याच्या पोलिसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या दोन्ही मात्रांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत जगण्याचे प्रमाण दोन्हीकडे ९९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सारखेच होते. मात्र ८ मिलीग्रॅम मिळालेल्यांपैकी ३७.६ टक्क्यांना ओपिऑइड एकाएकी उतरल्याची लक्षणे, उलटीसह, दिसली, तर ४ मिलीग्रॅमच्या बाबतीत हे प्रमाण १९.४ टक्के होते. हा त्रास क्षुल्लक नाही. ज्याने तो एकदा भोगला तो पुढच्या वेळी मदत नाकारण्याची, किंवा त्रास शमवण्यासाठी लगेच पुन्हा काही घेण्याची शक्यता असते. म्हणून घरात ठेवण्यासाठी ४ मिलीग्रॅमचाच फवारा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चिठ्ठीशिवाय मिळणारा ३ मिलीग्रॅमचा रिव्हाइव्ह हा नॅलोक्सोनचा फवाराही चांगला पर्याय आहे. ज्यांना इंजेक्शन देता येते त्यांच्यासाठी स्नायूत द्यायचे नॅलोक्सोन सर्वांत स्वस्त पडते, परंतु थरथरत्या हातांच्या आईवडिलांना मी ते सुचवणार नाही.

या उत्पादनाची सर्वांत मोठी मर्यादा मात्र औषधात नाही, ती दाराच्या कडीत आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांच्या, म्हणजे सीडीसीच्या, माहितीनुसार अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास ४० टक्के प्रसंगी दुसरे कोणीतरी आसपास हजर होते. याचा अर्थ उरलेल्या बहुसंख्य प्रसंगी माणूस एकटा होता, आणि जे हजर होते त्यांच्यापैकीही अनेकांना काय घडते आहे हे कळले नाही किंवा हाताशी औषध नव्हते. व्यसनाची लाज जितकी अधिक, तितके दार अधिक घट्ट बंद होते. आपल्या घरांत ही लाज किती खोल असते हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या भागात नेमके काय चालले आहे हे पाहण्यासाठी बहुतेक राज्यांची आणि अनेक काउंटींची माहितीफलके इंटरनेटवर आहेत. ती जरूर पाहावीत, पण थोडी समजून वाचावीत. मृत्यूचे कारण निश्चित होण्यासाठी रक्तातील द्रव्यांची तपासणी व्हावी लागते, म्हणून सीडीसीचे तात्पुरते आकडेसुद्धा साधारण चार महिने उशिरा प्रसिद्ध होतात. म्हणजे आज दिसणारी रेषा मागच्या ऋतूची असते. लहान काउंटीत एक ते नऊ इतके आकडे गोपनीयतेसाठी झाकले जातात, तेव्हा रिकामी चौकट म्हणजे शून्य मृत्यू असे समजू नये. रुग्णवाहिकांना आलेल्या हाका आणि आपत्कालीन विभागातल्या नोंदी बऱ्याच लवकर हाती येतात, म्हणून एखाद्या आठवड्यात नवे मिश्रण आल्याची चाहूल तिथे आधी लागते.

राष्ट्रीय रेषेवरून स्थानिक अंदाज बांधणे किती फसवे असते, याचे उदाहरण २०२३ चे आहे. त्या वर्षी देशाचा एकूण आकडा किंचित घसरून १,०५,००७ झाला, पण त्याच काळात अलास्का, वॉशिंग्टन आणि ओरेगॉन या पश्चिमेकडील राज्यांत मृत्यू मोठ्या प्रमाणात वाढले. फेंटानिल पूर्वेकडे आधी पोहोचले, कारण तिथल्या पांढऱ्या भुकटीच्या हेरॉइनमध्ये ते सहज मिसळत असे. पश्चिमेकडच्या काळ्या, डांबरासारख्या हेरॉइनमध्ये ते तसे मिसळत नव्हते, आणि त्यामुळे तिथे लाट उशिरा आली. २०२४ मध्ये देशभरातील मृत्यू सुमारे ८० हजारांपर्यंत खाली आले, म्हणजे एका वर्षात जवळपास एक चतुर्थांश घट झाली. या घटीत नॅलोक्सोनच्या प्रसाराचा वाटा असल्याचे अनेक तज्ज्ञ मानतात. उपचारांची वाढलेली उपलब्धता आणि बाजारातील मालाचे बदलते स्वरूप ही कारणेही त्याच्या जोडीने सांगितली जातात. घट सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. अमेरिकेतील मूळ रहिवासी आणि कृष्णवर्णीय समाजात मृत्यूचा दर गौरवर्णीयांपेक्षा अधिक आहे.

आकडे कोणाकडे विशेष लक्ष द्यायला सांगतात, हेही नोंदवतो. तुरुंगातून, व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा रुग्णालयातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीची मात्रा आता त्याला जीवघेणी ठरते. वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून सुटलेल्यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट आढळला. असा माणूस घरी परत येणार असेल, तर त्याच्या स्वागताच्या तयारीत हे खोके असलेच पाहिजे, आणि त्याबरोबर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या ओपिऑइडच्या व्यसनावरील औषधांचा उपचार चालू ठेवण्याची सोयही.

किमतीविषयी थोडक्यात. दुकानात आला तेव्हा दोन फवाऱ्यांच्या खोक्याची उत्पादकाने सुचवलेली किंमत ४४.९९ डॉलर होती. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यासाठी ती जास्तच होती. परंतु अनेक ठिकाणी आरोग्य विभाग आणि व्यसनामुळे होणारी हानी कमी करण्याचे काम करणाऱ्या संस्था तो विनामूल्य देतात, काही टपालानेही पाठवतात, म्हणून विकत घेण्यापूर्वी तिथे विचारावे. मी एका औषधाच्या दुकानात गेलो तेव्हा तो काचेच्या कुलूपबंद कपाटात होता आणि किल्ली असलेला कर्मचारी शोधण्यात बराच वेळ गेला. चिठ्ठीची अट काढून टाकल्यावर तिच्या जागी कुलूप आणणे हे मला अत्यंत चुकीचे वाटते, कारण चारचौघांत किल्ली मागण्याचा संकोच अनेकांना रिकाम्या हाताने परत पाठवतो.

फवारा २५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवायचा असतो, ४० अंशांपर्यंतची उष्णता त्याला अधूनमधून चालते. गोठलेल्या अवस्थेत मात्र तो फवारत नाही, तेव्हा उन्हात किंवा बर्फात उभ्या असलेल्या गाडीत तो कायमचा ठेवू नये. जानेवारी २०२४ मध्ये नव्याने बनणाऱ्या फवाऱ्यांची मुदत तीन वर्षांवरून चार वर्षे करण्यात आली. संकटाच्या वेळी मुदत उलटलेला एकच फवारा हाताशी असेल, तर तो न वापरण्यापेक्षा वापरणे बरे. मदतीला बोलावणाऱ्याला कायद्याचे काही संरक्षण देणारे नियम बहुतेक राज्यांत आहेत. त्यांचा तपशील राज्यागणिक वेगळा असल्यामुळे तो आधीच वाचून ठेवावा, म्हणजे त्या क्षणी ९११ ला फोन करावा की नाही असा विचार मनात येणार नाही.

आमच्या घरात हे खोके स्वयंपाकघरातील वरच्या खणात, कुलपाविना ठेवलेले आहे. घरातल्या सर्वांना, आणि मुलांकडे येणाऱ्या त्यांच्या मित्रमैत्रिणींनाही, तो खण मी एकदा उघडून दाखवतो.